इन्व्हर्टरवरून राहिलेलं भांडण

तुमची तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी मी आपलं कॉम्प्युटरचं दुकान उघडलं. जठारपेठेत ते कोणाला बरं दिसलं नाही. समोरचा मेडिकलवाला माझ्याकडे बघायचं टाळून उगाच खोकी लावत बसला. भातकुलीहून आलेला माझा भाऊ तर शटरपाशीच उभा राहिला आणि "लोक काय म्हणतीन बाई" एवढंच म्हणत राहिला. लोकांनी म्हणावं काय म्हणायचं ते. घरी बसले असते तर येणाऱ्या प्रत्येक बाईला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, की सकाळी छातीत जळजळ होते म्हणालात, सोडा प्यायलात, आणि ऑटोत माझ्या खांद्यावर मान टाकलीत. सांगून सांगून ती गोष्ट मलाच दुसऱ्या कोणाची तरी वाटायला लागली होती. त्यातून एखादी जाता जाता म्हणायचीच, "लेकरू असतं तं आधार झाला असता." म्हणून दुकानात आले. तुमच्याशी भांडायचं तर दुकान बरं पडतं, घरात तुम्ही कधी पुरते भांडलाच नाहीत.

टेबलावर गादीघरवाल्या रफीकभाईंचं मशीन उघडंच होतं. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी लाईन गेली, दुकानातला इन्व्हर्टरही उतरला, म्हणून "उद्या पंखा बसवतो" म्हणत तुम्ही हात पुसले होते. कॅबिनेट आडवं, त्यात मदरबोर्ड, बोर्डावर प्रोसेसर आणि प्रोसेसरवर तुम्ही बोटाने पसरवलेली पांढरी पेस्ट. बंद दुकानातही अकोल्याची धूळ आत आली होती आणि पेस्ट राखाडी झाली होती. तशा पेस्टवर पंखा बसवून चालत नाही, हे तुम्हीच दहा जणांना सांगितलं असेल. ती पुसायची आणि नवीन लावायची, काम एवढंच. कापड हातात घेतलं आणि मला ते होईना. शटर अर्धं खाली ओढलं आणि पोटभर रडले.

सगळ्यांना वाटतं, मी दुकानासाठी जीव टाकतेय. दुकान आज आहे, उद्या नसेल. मला घोर लागला होता त्या मशीनचा. त्या मशीनवर तुम्ही शब्द देऊन बसला होतात. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात म्हणाला होतात, "रफीकभाई, मे महिन्यात, भर दुपारी, फुल सेटिंगवर चालवून दाखवतो. लाईन गेली तरी बंद नाई पडणार." आणि तिथंच, सगळ्यांसमोर, मी म्हटलं होतं की पडणार. त्या भांडणाचा निकाल लागायच्या आत तुम्ही निघून गेलात. तुमचा शब्द आणि माझा नकार असे दोन्ही माझ्याच गळ्यात टाकून गेलात.

आपलं पहिलं भांडणही मशीनवरूनच झालं होतं. अमरावतीच्या त्या हार्डवेअरच्या क्लासमध्ये मी शिकत होते. पहाटे बाबांसोबत झेंडूचे आणि पालकाचे गठ्ठे घेऊन भातकुलीहून यायचं, बाजार उरकला की हात धुऊन क्लासला जायचं. हाताचा मेथीचा वास काही जायचा नाही. तुम्ही मूर्तिजापूरचे, क्लासची मशीनं दुरुस्त करायला यायचात. एका जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसवून घाम पुसत बसला होतात. पिना बरोबर बसल्या होत्या, पंखा फिरत होता आणि स्क्रीन काळी. मी मागून म्हटलं, "हा बोर्ड याले ओयखत नसन. त्याच्यातला प्रोग्राम जुना हाये." तुम्ही वळून पाहिलंत, जणू एखाद्या शेळीने तोंड उघडलं. "पिना बसल्या ना? मंग?" मी म्हटलं, "बसल्या म्हंजे झालं का?" जुना प्रोसेसर परत लावला, प्रोग्राम नवा भरला, मग तोच नवा प्रोसेसर लावला आणि स्क्रीन उजळली. तुम्ही गाल फुगवून बसलात. थोड्या वेळाने म्हणालात, "चहा घेता का?"

मुलगी पाहायला आलात तेव्हा तुमच्या आईने विचारलं, भाकरी येते का. मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "तिले मदरबोर्ड समजते मा, भाकरीचं पाहून घेऊ." भाकरीचं तुम्हीच पाहिलंत पुढे. माझ्यापेक्षा गोल व्हायच्या, हे मी कोणाला सांगितलं नाही.

पण 'बसल्या म्हणजे झालं का' हे तुम्ही माझ्याकडून उचललंत ते कायमचं. गिऱ्हाईक आलं की ते आधी गेमसाठी महागडं ग्राफिक्स कार्ड मागायचं, आणि तुम्ही विचारायचात, घर कुठे आहे. पोट्टे वैतागायचे. कार्डाशी घराचा काय संबंध? तुम्ही ऐकायचा नाहीत. मुलीसाठी स्थळ पाहतो तेव्हा घर पाहायला जातो की नाही, तसंच, म्हणायचात. खोलीची खिडकी कुठल्या बाजूला, पत्रा आहे की स्लॅब, वायरिंग कोणत्या काळातलं, एकाच बटणावर पाण्याची मोटार आणि कॉम्प्युटर आहे का, हे सगळं बघून यायचं आणि मग भाग निवडायला बसायचं. इंटरनेटवर पुण्या-बंगलोरची पोरं तुम्हाला सांगायची की अमुक बोर्डाला तमुक कार्ड लावा. तुम्ही म्हणायचात, "त्याईच्या घरी एसी हाये. आपल्या इथी पंखाही गरम हवा फेकते."

रफीकभाई आपल्याकडे आले तेही असेच. गादीघर त्यांचं, वडिलांपासूनचं. दिवसभर कापूस पिंजायचा, म्हणून भुवया आणि दाढी कायम पांढरी, वयापेक्षा दहा वर्षांनी म्हातारे दिसायचे. चाळिशी उलटलेला हा माणूस संध्याकाळी दुकान बंद करून कॉम्प्युटरवर मोटारी पळवायचा. जुन्या मशीनवर त्या मोटारी अडखळत चालायच्या. स्टुलावर बसून म्हणाले, "विजूभाऊ, आता एक मशीन असं द्या का गाडी रुकली नाई पायजे. मले कोनाले दाखवाचं नाई. मले चालवाचं हाये." तुम्हाला हा माणूस तिथेच आवडला.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा तर तुमच्यावर डोकं हातात धरायची पाळी आली. कॉम्प्युटर गरम होतो म्हणून त्यांनी तो बरोबर पाण्याच्या कूलरसमोर ठेवला होता. खसाच्या ताट्यांतून ओली गार हवा थेट कॅबिनेटच्या तोंडावर. आतून गंजाचे पापुद्रे निघत होते. तुम्ही म्हणालात, "रफीकभाई, हे मशीन हाये. पावन्याले बसवता तसं कूलरसमोर बसवलं तुमी." ते मनापासून म्हणाले, "मंग? दिवसभर माह्यासाठी राबते ते. थोडी हवा खाऊ द्या." हसता हसता तुम्हाला ठसका लागला. त्यांच्या बेगमने पाणी आणून दिलं. ती अकोला जिल्ह्यात तुमच्यासारखं हसणारा माणूस पाहिला नाही म्हणाली.

मग जुळवणी सुरू झाली. मला ते दिवस फार आठवतात. तुम्ही कागद मांडायचात आणि मी फोनवर नागपूरच्या दोन-तीन दुकानांशी बोलायचे. रफीकभाईंना हवं असलेलं कार्ड एवढं लांब होतं की आपल्याकडच्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कच्या जाळीला अडत होतं. माझ्या शिवणकामाच्या टेपने आपण ते मोजलं. मोठं कॅबिनेट घ्यावं तर त्याला पुढून सगळीच जाळी, म्हणजे गादीघरातला कापूस आत जायला मोकळं रान. तुम्ही मच्छरदाणीचा तुकडा आणलात आणि पंख्यांच्या मापाने कापून आतून लावलात. मी म्हटलं, हवा कमी येईल. तुम्ही म्हणालात, मग अजून एक पंखा लावू. मी म्हटलं, आवाज वाढेल. तुम्ही म्हणालात, "पिंजायच्या मशीनशेजारी बसणारा माणूस आवाजाले भेते का?" प्रोसेसरवरचा मोठा तांब्याचा पंखा मी निवडला, तो इतका उंच निघाला की कॅबिनेटचं दार लागेना. तेव्हा तुम्ही दोन दिवस गावभर सांगत होतात की बायकोने दाराबाहेर डोकं काढणारा पंखा मागवला. मी तो परत पाठवला आणि बुटका मागवला. मी काही विसरलेली नाही.

आणि सगळं जुळलं, तेव्हा रफीकभाई म्हणाले, थोडं थांबा. त्या वर्षी कापसाची बोंडं पावसात काळवंडली होती. लोकांच्या घरची लग्नं देवळात उरकायला लागली, आणि लग्नात गादी द्यायची कोणी भाषा करेना. पुण्याच्या माणसाला हे सांगून पटत नाही की शेतात बोंड किडलं की जठारपेठेत मॉनिटर विकत नाही. आपल्याकडे ते सगळ्यांना माहीत असतं, सांगावं लागत नाही. तुमचे दोन्ही मित्र दुकानं बंद करून पुण्याला नोकरीला गेले. तुम्ही म्हणालात, "सारे गेले तं इथी बिघडलेलं कोन पाहीन?" रफीकभाईंना तुम्ही म्हणालात, थांबू.

थांबलो, आणि जुळवलेलं सगळं उसकटलं. पुढच्या हंगामापर्यंत प्रोसेसरचा सॉकेट, म्हणजे बोर्डावरची त्याची बैठक, बदलला. जुना बोर्ड नागपुरात मिळेना. नवा बोर्ड घ्यावा तर घेऊन ठेवलेल्या रॅमची खाच त्यात बसेना. रॅम बदलली, बोर्ड बदलला, आता नव्या कार्डाला जास्त ताकद लागणार, म्हणून एसएमपीएस बदलायचा. तुम्ही एका दमात सगळं पुन्हा मांडलंत. मी चिडले होते, खरं सांगते. मी म्हटलं, या गावात एवढं मोठं मशीन कोणी घेत नाही, आपण कशाला मरतोय? तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "एक मानूस घेऊन राह्यला ना." मी पुन्हा नागपूरला फोन लावला.

भांडण झालं ते एसएमपीएसवरून. म्हणजे कॅबिनेटमधला तो डबा, जो भिंतीतली वीज घेऊन सगळ्या भागांना वाटतो. तुम्ही निवडलेला एकदम वरच्या दर्जाचा होता. वॅटचा हिशेब चोख होता, कार्डाच्या सगळ्या तारा त्यात होत्या. माझं म्हणणं वेगळं होतं. रफीकभाईंकडे साधा इन्व्हर्टर आहे, आपल्या सगळ्यांकडे असतो तसा. दिवसाचे कितीतरी तास लाईन नसते, तेव्हा सगळं त्याच्यावर चालतं. आणि त्याची वीज ओबडधोबड असते. त्या विजेवर घरातला पंखासुद्धा गुरगुरतो. साधा, स्वस्तातला एसएमपीएस ती वीज मुकाट्याने घेतो. चांगला घेत नाही, तो नाजूक असतो, त्याला स्वच्छ वीज लागते. मी म्हटलं, एक तर एसएमपीएस साधा घ्या, नाहीतर इन्व्हर्टर चांगला द्या.

तुम्ही म्हणालात, ताकद पुरेशी आहे ना, मग झालं. मी म्हटलं, "ताकदीचं नाई म्हनत मी. पंखा कसा गुरगुरते, आयकता ना तुमी?" तुम्ही म्हणालात, "तू काऊन एवढी तपून राह्यली? मी पाह्यलं सारं." तेवढ्यात रफीकभाई आले, अजून चार माणसं होती, आणि तुम्ही तो शब्द दिलात. मी म्हटलं, बंद पडन. तुम्ही हसलात, पण तुमचे कान लाल झाले होते. त्या रात्री जेवताना मी वाढलं, तुम्ही "बस" म्हणालात, तेवढंच. सकाळी तुम्हीच चहा केलात आणि कप माझ्यापुढे ठेवून म्हणालात, "मे महिन्यात पाहू कोन बरोबर हाये." मी म्हटलं, "पाहू."

बस. मेमध्ये पाहायचं ठरलं होतं आपलं. तुम्ही चैत्रात गेलात.

मला तुमचा राग येतो. कोणाला सांगता येत नाही असा राग येतो. बाकीच्या बायका म्हणतात, शेवटी काय बोलले? मला आठवतं ते एवढंच की ऑटोत तुम्ही विचारलंत, "शटरले कुलूप लावलं ना?" मी हो म्हटलं. आपण काही देवाधर्माचं, जन्मोजन्मीचं बोललो नाही. मला तुमचा हात धरून खूप काही म्हणायचं होतं आणि मी ऑटोवाल्याला शिव्या देत होते की लवकर चल. रेल्वे फाटक लागलं होतं. हे सगळं मी इथे लिहितेय कारण समोर बसून ऐकणारं कोणी उरलं नाही.

रफीकभाई भेटायला आले ते दुकान उघडल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी. त्यांनी त्या दिवशी दाढी-भुवया धुतल्या होत्या, म्हणून मी आधी ओळखलंच नाही. टेबलावरच्या उघड्या मशीनकडे पाहिलं. मग म्हणाले, "वहिनी, मशीनचा विचार सोडा. मले आता गाडी चालवावाशी नाई वाटत. तुमी ते पार्ट परत करा नागपूरले, मी काही म्हननार नाई." भल्या मनाने म्हणाले. माझा भाऊ मागे उभा होता, तोही म्हणाला, हेच बरं आहे, दुकान आवर आणि भातकुलीला चल. दोघेही माझं भलंच पाहत होते. मी म्हटलं, "त्याईनं शब्द देल्ला हाये. मे महिन्यात या."

ते गेल्यावर मी ती पेस्ट पुसली. स्पिरिट लावून, हळूहळू. तुमच्या बोटाचे वळसे त्यात दिसत होते. तुम्ही नेहमी मधून सुरू करून बाहेर न्यायचात, मी कडेने आत येते, यावरूनही आपलं वाजायचं. पुसून झाल्यावर धातू चकचकीत झाला आणि तुमचं काहीच उरलं नाही. मी नवीन पेस्ट लावली, मधून सुरू करून बाहेर नेली. नीट लागली. पंखा बसवला, कार्ड बसवलं, तारा बांधल्या. तुमच्याइतक्या सफाईने नाही बांधल्या गेल्या. बटण दाबलं आणि पहिल्याच फटक्यात स्क्रीन उजळली. इतक्या वर्षांत असं झालं की आपण एकमेकांकडे पाहायचो. मी सवयीने मान वळवली. तिथे स्टूल होतं.

मे लागला. तुम्हाला हवा होता तसाच लागला, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. दुकानातला आपला साधा इन्व्हर्टर, रफीकभाईंकडे आहे तसलाच, त्याला मी मशीन जोडलं. एसएमपीएस तुमचाच ठेवला. रफीकभाईंना बोलवायच्या आधी मला एकटीला पाहायचं होतं. मोटारींचा गेम लावला, सगळी सेटिंग फुल केली. मला ती गाडी चालवता येत नाही, मी नुसती भिंतीला धडकत होते, पण मशीन झकास चालत होतं. पंखे जोरात फिरत होते, कॅबिनेटवर हात ठेवला तर कोमट, त्याहून जास्त नाही. मच्छरदाणी, बुटका पंखा, सगळं बरोबर होतं. मी लाईन जायची वाट पाहत बसले. आणि तुम्हाला सांगते, मी मनात काय म्हणत होते? मी म्हणत होते, बंद पडू नको. अंबादेवीला नवस बोलायचा तेवढा बाकी ठेवला. इतकी वर्षं तुमच्याशी वाद घातला, पण तुमचं बरोबर निघावं असं मला त्या दुपारइतकं कधी वाटलं नव्हतं.

लाईन गेली. छतावरचा पंखा गुरगुरायला लागला. आणि मशीन खट्कन बंद पडलं.

मी पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सेटिंग कमी करून पाहिलं, इन्व्हर्टरची बॅटरी बदलून पाहिली, तार बदलून पाहिली. जे जे तुम्ही केलं असतंत ते सगळं केलं. लाईन असली की वाघ, लाईन गेली की मेलं. माझं बरोबर होतं, पहिल्यापासून बरोबर होतं. हे सिद्ध झालं तेव्हा अंधाऱ्या, तापलेल्या दुकानात मी एकटी बसले होते, आणि असं जिंकणं माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. तुम्ही असता तर कान लाल झाले असते. दोन दिवस माझ्याशी बोलला नसता. मग चहा केला असता. मला तो चहा पाहिजे होता.

मग मी अमरावतीला फोन केला. क्लासमधली माझी जुनी मैत्रीण तिथे बॅटऱ्यांचं दुकान चालवते. स्वच्छ वीज देणारा चांगल्यातला इन्व्हर्टर तिच्याकडून मागवला, तो एसटीने आला. तोच, जो मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते. दुकानात जोडून पाहिला. लाईन गेली, आणि मशीनला कळलंसुद्धा नाही.

परवा मशीन रफीकभाईंच्या घरी नेलं. भर दुपारी, जसं ठरलं होतं. कूलर त्यांनी स्वतःच पलीकडच्या भिंतीला हलवला होता. शेजारपाजारचे दोघे-तिघे आले होते, तुम्ही शब्द दिलात तेव्हा दुकानात असलेलेही त्यांत होते. नवा इन्व्हर्टर पाहून रफीकभाई म्हणाले, "हा कायले?" मी म्हटलं, "मशीनसोबतचाच हाये. त्याईनंच सांगतला होता." ते गाडी चालवायला बसले. काय चालवतात हो ते. कापूस पिंजणारे ते जाडजूड हात कीबोर्डवर स्टिअरिंग धरल्यासारखे अलगद फिरत होते, आणि गाडी कुठेही अडखळत नव्हती. बेगम पदराने वारा घेत उभी होती. सगळे स्क्रीनकडे पाहत होते आणि मी घड्याळाकडे.

लाईन गेली. कूलर थांबला, शेजारच्या घरातला रेडिओ थांबला. रफीकभाईंची गाडी वळणावर होती, ती वळण घेऊन पुढे गेली. त्यांनी गाडी थांबवली, हात खाली ठेवले आणि डोळे पुसले. मग म्हणाले, "विजूभाऊ बोलले होते, बंद नाई पडणार." आजूबाजूचे मान हलवत होते. हो, बोलले होते, आम्ही होतो तिथे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता त्यात, नुसती आठवण होती. "वहिनी, तुमी तं म्हनल्या होत्या का बंद पडन म्हून."

मी म्हटलं, "माहं चुकलं होतं, रफीकभाई. त्याईचंच बरोबर होतं."

अहो, एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तुम्ही माझ्या तोंडून एकदाही ऐकलं नाहीत. परवा चारचौघांत म्हटलं, मोठ्याने म्हटलं, आणि ऐकायला नेमके तुम्ही नव्हतात.